उन्हाला पुरून उरणाऱ्या पाट्या

जळगावच्या गच्चीवर, कुंड्यांच्या नावाच्या पट्ट्यांवर, परमनंट मार्करची शाई फार तर एक उन्हाळा काढते. होळीच्या सुमारास ठळक काळं लिहिलेलं नाव आखाजीपर्यंत जांभळट होतं, पुढे फिकट गुलाबी पडतं आणि पहिला पाऊस येतो तेव्हा पट्टी कोरी असते. आळ मात्र पावसावर येतो. "पाण्याने पुसलं," असं सगळे म्हणतात. पाण्याचा त्यात काडीचा संबंध नसतो. मार्करच्या शाईतला रंग द्रावकात विरघळलेला असतो. उन्हातले अतिनील किरण त्या रंगाच्या रेणूंचे बंध तोडतात आणि रंग उडून जातो. परमनंट म्हणजे पाण्याने न जाणारी, एवढंच. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जाणाऱ्या गावाचा विचार ती शाई करणाऱ्याने केलेला नसतो.

अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे कारण ठाऊक होतं. उपाय शोधायला मात्र निवृत्तीनंतरचा रिकामा वेळ आणि गच्चीवरच्या दीडेकशे कुंड्या लागल्या.

कुंड्यांना नाव कशाला हवं, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. ह्यांचं म्हणणं, फूल आलं की कळेलच की कोणतं झाड ते. मोगऱ्यापुरतं ते चालून जातं. बटमोगरा, हजारी, मदनबाण पानांवरून मला ओळखता येत नाहीत. कळ्या धरल्या की हजारी वेगळा पडतो, बट वेगळा पडतो. पण माझ्याकडे सगळ्यात जास्त अडेनियम आहेत. तळाशी फुगलेलं खोड, वर चार काठ्या. थंडीत आमच्याकडे रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरला की पानंही गळतात. त्यातलं पांढऱ्या दुहेरी पाकळ्यांचं कलम कोणतं आणि साधं गुलाबी कोणतं, हे जानेवारीत कोणी सांगून दाखवावं. शिवाय कलमं करायच्या दिवसांत झाडावर फूल असेलच असं नाही, आणि कोणी काडी मागितली तर "बहुतेक हीच" म्हणून देणं मला जमत नाही. बियांपासूनच्या रोपांचं तर विचारूच नका. आईच्या फुलासारखं फूल येईलच याची खात्री नसते, म्हणून कोणत्या शेंगेतलं रोप ते लिहिलेलंच हवं, आणि फूल यायला एक-दोन वर्षं लागतात. म्हणजे पट्टी किमान तेवढं तरी जगली पाहिजे.

आइसक्रीमच्या काड्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मातीत खोचलेलं टोक कुजतं, नाही कुजलं तर वाळवी खाते. दही-श्रीखंडाचे डबे कापून केलेल्या पट्ट्या सगळेच करतात, मीही केल्या. पॉलिप्रॉपिलीनचं प्लॅस्टिक उघड्या उन्हात वर्षभर राहिलं की कडक होऊन जातं. नाव वाचायला पट्टी जरा वाकवली की मातीच्या वरचा भाग हातात येतो आणि खालचा भाग कुंडीत राहतो. गंमत अशी, की मातीतला तो तुकडा नवाकोरा निघतो. त्यावर मार्करचं काही लिहिलेलं असलं तर तेही जसंच्या तसं असतं. पुढे याचाच मी उपयोग करून घेतला, ते नंतर सांगते.

जळगाव ठिबकचं आणि पाइपांचं गाव. इथे शेतात, बांधावर, भंगारात ठिबकच्या काळ्या नळ्या पडलेल्या असतात. त्या नळ्या उन्हात वर्षानुवर्षं टिकतात, कारण पॉलिथिलीनमध्ये काजळी मिसळलेली असते. काजळी ऊन स्वतः पिते, आतल्या प्लॅस्टिकपर्यंत पोचू देत नाही. मग पट्टीसाठी याहून बरं काय? सोळा मिलिमीटरची नळी उभी चिरली, गरम पाण्यात टाकली, पाट्याखाली दाबून ठेवली. सपाट झाली, पण पाटा काढल्यावर संध्याकाळपर्यंत पुन्हा गुंडाळी. तिला नळीच राहायचं असतं. वर लिहायचं कशाने, हा त्याहून मोठा प्रश्न. पांढरा पेंट मार्कर छान दिसतो आणि त्याचा पांढरा रंग, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, उन्हाने उडत नाही. पण पॉलिथिलीनला रंग धरत नाही. नखाने खरवडला की साल निघावी तसा निघतो. सोल्डरिंगच्या टोकाने अक्षरं कोरून पाहिली. काळ्यावर काळी अक्षरं, ती टिकाऊ होती यात शंका नाही, फक्त वाचता येत नव्हती. तर नळी बाद. पांढऱ्या पीव्हीसी पाइपचे काप पॉलिश पेपरने घासले तर त्यावर पेन्सिल चांगली उठते, पण दुसऱ्या उन्हाळ्यात पृष्ठभागावर खडूसारखी पूड सुटते आणि पुडीबरोबर अक्षरंही जातात.

एवढ्या उपद्व्यापातून एक गोष्ट पक्की झाली. शाई किंवा रंग वस्तूवर बसवायचा आणि तो टिकावा अशी आशा धरायची, हा मार्गच आमच्या उन्हात चालणारा नाही. खूण वस्तूतच व्हायला हवी. ओरखडा, खोच, नाहीतर रासायनिक क्रिया.

रासायनिक क्रियेचा मोह मला आवरणं शक्यच नव्हतं. जस्तावर मोरचुदाचं, म्हणजे कॉपर सल्फेटचं, पाणी टाकलं की जस्त विरघळतं आणि त्या जागी तांबं काळपट थराने बसतं, हा प्रयोग मी आयुष्यभर परीक्षानळीत दाखवला. जस्ताच्या पट्टीवर तांब्याच्या क्षाराची शाई वापरून बागेतल्या पाट्या लिहायची जुनी रीत आहेच. मोरचूद आमच्याकडे कोणत्याही कृषी केंद्रात मिळतं. चुन्याबरोबर त्याचं बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक होतं. नवसागर कल्हईवाल्याकडे असायचा. कल्हईवाले आता दिसत नाहीत, पण किराणा-जडीबुटीच्या जुन्या दुकानात विचारलं की आतून काढून देतात. आणि काजळ घरचं, तेलाच्या दिव्यावर ताटली धरून धरलेलं. तिन्ही थोड्या पाण्यात खलून शाई केली. निळसर-काळी, घट्ट.

राहिला पत्रा. खान्देशात उन्हाळा म्हणजे कुलर आणि कुलर म्हणजे जस्ती पत्रा. माघ-फाल्गुनात कुलर बनवणाऱ्यांच्या दुकानासमोर पत्र्याच्या कातरणांचा ढीग पडलेला असतो. हव्या त्या मापाच्या पट्ट्या तिथल्या एका कुलरवाल्याने कातरीने फटाफट काढून दिल्या. "ताई, तुम्ही हे काय करू राहिल्या?" असं विचारलं खरं, पण उत्तर ऐकायला थांबला नाही, त्याच्या डोक्यावर कुलरच्या ऑर्डरी होत्या.

इथे एक बारकावा आहे. ही शाई टाकाने किंवा निबाने लिहायची नाही. टाक लोखंडी असतो आणि मोरचुदाला लोखंडही चालतं. चार अक्षरं लिहीपर्यंत निबावर तांबं चढतं आणि शाईची ताकद निबावरच संपते. बोरू घ्यायचा. कुंपणाच्या बांबूची काडी तिरकी तासली, मध्ये चीर दिली. पत्रा आधी राखेने घासून तेलकटपणा घालवला, नाहीतर शाई थेंब-थेंब होऊन बसते. आणि मग काय सांगू! शाई लागताच अक्षर तपकिरी, बघता बघता काळंभोर. बोरूने देवनागरीला जो जाड-बारीक डौल येतो तो आला. दुसऱ्या दिवशी पाण्याने धुतलं, चिंधीने पुसलं, तरी अक्षर हललं नाही. गच्चीवर त्या पट्ट्या लावल्या तेव्हा मला स्वतःचाच फार अभिमान वाटला होता.

दोन पावसाळे त्या उत्तम होत्या. मग गंजल्या. जस्ती पत्रा म्हणजे लोखंडावर जस्ताचा पातळ मुलामा. कापलेल्या कडेला लोखंड उघडं पडतं आणि तिथून तांबडं पाणी सुटतं. अक्षरांखालीही तेच होतं, कारण तिथलं जस्त आपणच खर्ची घातलेलं असतं, वर तांबं बसवलेलं असतं आणि ओलावा आला की तांब्याशेजारचं उरलंसुरलं जस्त आणखी लवकर जातं. म्हणजे जिथे लिहिलं तिथेच आधी गंज. शुद्ध जस्ताच्या पट्टीला हा त्रास नाही. टॉर्चच्या साध्या सेलचं आतलं कवच जस्ताचं असतं. दोन-तीन संपलेले सेल हातमोजे घालून फोडले, आतली काळी पूड काढून कवचं धुतली, ठोकून सपाट केली. त्या पट्ट्या अजून वाचता येतात. पण सेल फोडत बसणं हा काही कोणाला सांगावा असा उद्योग नाही आणि कवच आधीच जागोजागी खाल्लेलं निघतं. पोर्चमध्ये, पाऊस न लागणाऱ्या जागी, जस्ती पट्ट्या मी ठेवल्या आहेत. त्यांच्याइतकं देखणं अक्षर दुसऱ्या कशाचंच नाही.

मग लक्ष गेलं स्वयंपाकघरातल्या मांडणीकडे. सासूबाईंच्या लग्नातली भांडी अजून वापरात आहेत. रोज घासून तळ झिजले, पण काठाखालचं नाव, गाव आणि तारीख ठिपक्या-ठिपक्यांत शाबूत. छिन्नीने ठोकून घातलेली ती नावं. आता बाजारात भांड्यांच्या दुकानात छोटं विजेचं मशीन असतं, थरथरणाऱ्या टोकाचं. त्याने नाव टाकून देणारा माणूस दाराशीच बसलेला असतो. भांड्याच्या स्टीलच्या पट्ट्या कापून घेतल्या आणि गेले.

"भाऊ, या पट्ट्यांवर नाव टाकून द्याल का?"

"देतो ना. नाव सांगा."

"अडेनियम."

"आडनाव नंतर, ताई. आधी नाव."

त्याला सगळं समजावून सांगितल्यावर तो गंभीरपणे म्हणाला, "भांडं रोज दोनदा घासलं तरी नाव जात नाही. झाडाला कोण घासणार? तुमच्या नातवाच्या नातवालाही वाचता येईल." बोलणं खरं होतं. तो अक्षरागणिक पैसे घेतो, काना-मात्रा धरत नाही. त्यामुळे मोगरा स्वस्तात पडला आणि लॅटिन नावं परवडेनात. पण खरी अडचण वेगळीच निघाली. स्टील चकाकतं. दुपारच्या उन्हात उभ्याने पाहिलं तर पट्टी आरशासारखी डोळ्यांवर येते आणि बारीक कोरलेलं अक्षर दिसतच नाही. हातात घेऊन तिरकी केली तरच दिसतं. उपाय आहे. कोरलेल्या अक्षरांवर काळा ऑइल पेंट बोटाने चोळायचा आणि जरा थांबून कापडाने वरचा पुसून घ्यायचा, खाचांमधला राहतो. काळ्या पेंटमधला रंगही काजळीचाच, तो उन्हाने उडत नाही. जमिनीतल्या झाडांना, म्हणजे चाफा, बोगनवेल, गेटजवळची सदाफुलं, मी हेच लावलं. ती झाडं हलणार नाहीत, त्यांची नावंही बदलणार नाहीत. कुंड्यांसाठी मात्र रोज नवं रोप येतं, जुनं मरतं. दर वेळी बाजारात कोण जाणार?

मोठ्या शहरांतल्या वनस्पती उद्यानांत दोन रंगांच्या थरांची प्लॅस्टिकची पाटी कोरून लावतात. वरचा थर काळा, खालचा पांढरा. कोरलं की पांढरं अक्षर उघडं पडतं. एमआयडीसीतल्या कारखान्यांत विजेच्या पॅनलवर स्विचांची नावं असतात ती तशीच. आपल्याकडे नेमप्लेटवाले लेझरने करून देतात. वाचायला त्याच्यासारखी दुसरी नाही. पण घरच्या दीडशे कुंड्यांना ते म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

शेवटी जे हाती लागलं ते छापखान्यात. भाच्याच्या लग्नाच्या पत्रिका आणायला गेले होते. कोपऱ्यात ॲल्युमिनियमचे राखाडी पत्रे रचलेले. ऑफसेट छपाईच्या प्लेटा. एकदा छपाई झाली की त्या भंगारात किलोवर जातात. छापखान्याच्या आप्पांना म्हटलं, "आप्पा, यातल्या चार मला भंगाराच्या भावाने द्याल?" त्यांनी चार काढल्या आणि पैसे घेतले नाहीत. पुढच्या वेळी घेतले, तेही बरंच झालं. फुकटची वस्तू मागायला पुन्हा तोंड राहत नाही.

ही प्लेट पट्टीसाठीच जन्मली असावी असं वाटण्याइतकी सोयीची आहे. जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास. साध्या मजबूत कातरीने कापता येते, पण वाऱ्याने वाकत नाही. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा याच्या निम्म्याहून कमी, जेमतेम एक दशांश मिलिमीटर. तो वापरून पाहिला होता, कडा ब्लेडसारख्या लागतात आणि जोर देऊन लिहिलं की फाटतो. दुसरं म्हणजे प्लेटची छपाईची बाजू गुळगुळीत नसते. पाणी धरून ठेवण्यासाठी तिला मुद्दाम बारीक खरखरीत केलेलं असतं आणि वर ॲनोडाइझ केलेलं असतं, म्हणजे विजेने ऑक्साइडचा कडक थर चढवलेला असतो. त्यामुळे ती चकाकत नाही आणि पेन्सिल तिच्यावर कागदासारखी चालते. मजकुराचा निळसर-हिरवा थर असतो तेवढा भाग सोडायचा, बाकी कोरी जागा लिहायला. ऑफसेटमध्ये शाई प्लेटवरून आधी रबरावर आणि रबरावरून कागदावर जाते, म्हणून प्लेटवरची अक्षरं छपाईच्या जुन्या शिशाच्या खिळ्यांसारखी उलटी नसतात, सरळ वाचता येतात. माझ्या काही पट्ट्यांच्या कोपऱ्यात त्यामुळे अजून "आमचे येथे श्रीकृपेकरून" आहे आणि त्याच्याशेजारी अडेनियमचा नंबर.

पेन्सिल म्हणजे ग्राफाइट, म्हणजे कार्बन. त्याला ऊन काही करत नाही. टू-बी पेन्सिल घ्यावी, फार कडक नको. पहिल्या दिवशी ओल्या बोटाने घासलं तर अक्षर थोडं फिसकटतं. एक पावसाळा गेला की घासूनही जात नाही. ग्राफाइट आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकलेले, वर ओलावा, म्हणजे त्या रेघेखाली धातू अगदी सूक्ष्म खाल्ला जाणारच. रेघ घट्ट बसते त्यामागे तेच असावं. वर्गात ज्याला आम्ही गंज म्हणून नावं ठेवत होतो तो इथे कामाला आला.

तरी नुसत्या पेन्सिलीवर मी थांबत नाही. आधी जुन्या वर्तमानपत्रांची जाड घडी घालते, तीवर पट्टी ठेवते आणि रिफिल संपलेल्या बॉलपेनने जोर देऊन लिहिते. खाली मऊ असल्यामुळे अक्षर खोलगट उमटतं. मग त्याच खाचेतून पेन्सिल फिरवते. कधीकाळी पेन्सिल गेलीच तरी खाच राहते, आणि चष्मा खाली राहिला असेल तर बोट फिरवून वाचता येते. टोकं कानशीने गोल करायची आणि कडांवरून पॉलिश पेपर फिरवायचा. हे कंटाळवाणं काम आहे. मी ते टीव्हीसमोर बसून करते.

खोचून लिहिताना देवनागरीचं एक आहे. शिरोरेघ ओढली की पातळ पत्र्यावर ती सरळ लांब खाच होते, पट्टी त्याच रेषेवर वाकते आणि पुढेमागे तिथेच तुटते. म्हणून शिरोरेघ सोडून लिहावं असं वाटतं. पण शिरोरेघ गेली की भ आणि म, ध आणि घ यांच्यात वाचणाऱ्याची तारांबळ. मी अक्षरागणिक तुटक रेघ देते, सलग ओढत नाही. त्याने दोन्ही साधतं. आकडे मात्र इंग्रजी लिहिते. घाईत खोचलेला देवनागरी एक आणि नऊ यांतला फरक वर्षभराने मलाच कळत नाही. अक्षराची उंची पाऊण सेंटिमीटर तरी हवी. वयाची साठी उलटलेल्या माणसाने उभ्याने वाचायचं आहे, हे धरूनच.

एवढ्या मोठ्या अक्षरात बोटभर पट्टीवर किती मावणार? इथे मला वनस्पती उद्यानांची पद्धत पटली. ते प्रत्येक झाडाला एक नोंदणी क्रमांक देतात, तो पाटीवर असतो, बाकी सगळं रजिस्टरमध्ये. माझा क्रमांक म्हणजे वर्षाचे शेवटचे दोन आकडे आणि पुढे त्या वर्षातला अनुक्रम. २३-४१ म्हणजे २०२३ साली घरात आलेलं एक्केचाळिसावं. पट्टीवर वर क्रमांक, खाली घरगुती नाव. शास्त्रीय नाव, कुठून आलं, कोणी दिलं, कोणत्या शेंगेतलं, कधी कलम केलं, हे सगळं दोनशेपानी वहीत. वही खाली कपाटात, तिचे फोटो फोनमध्ये.

शास्त्रीय नाव पट्टीवर न घालण्याचं आणखी एक कारण आहे. लिनियसने १७५३ साली दोन शब्दांची नावं रूढ केली, पहिला प्रजातीचा (जीनस) आणि दुसरा जातीचा (स्पीशीज), ती पद्धत अजून चालते. पण नावं स्वतः बदलत राहतात. मी सान्सेव्हिएरिया म्हणून लिहून ठेवलेल्या सगळ्या कुंड्या आता ड्रसीना झाल्या. रेणूंच्या पातळीवर तपासणी केली तेव्हा सान्सेव्हिएरिया ही ड्रसीनाच्याच कुळातली एक फांदी निघाली, म्हणून ती सबंध प्रजातीच ड्रसीनात घातली गेली. स्टीलवर कोरून ठेवलं असतं तर बसले असते पुन्हा भांड्यांच्या दुकानात. वहीत एक ओळ खोडली, वर दुसरी लिहिली, काम झालं. पट्टीवर तसंही मी "घोणसफण, पिवळी कड" एवढंच लिहिते आणि ते कोणी बदलायला येत नाही. वाणाचं नाव असेल तर वहीत ते एकेरी अवतरणात, म्हणजे जातीचं आणि वाणाचं नाव एकात एक होत नाही. नर्सरीवाले सांगतात ती नावं मी नर्सरीचं म्हणूनच टिपते. एकच अडेनियम तीन ठिकाणी तीन नावांनी विकलेलं मी पाहिलं आहे.

आता मघाशी राहिलेली गोष्ट. प्लॅस्टिक आणि मार्कर उन्हात मरतात, मातीत नाही. म्हणून प्रत्येक कुंडीत डब्याच्या प्लॅस्टिकची एक छोटी चकती, वर मार्करने फक्त क्रमांक लिहून, कडेने चार बोटं खोल पुरते. वरची पट्टी वादळात उडाली, सातभाई पक्ष्यांनी उपसली, नाहीतर पाहुण्यांच्या पोरांनी या कुंडीतून त्या कुंडीत नेली, तर खालची चकती साक्षीला असते. ॲल्युमिनियम पुरायला जाऊ नये. खतांचे क्षार आणि चुनखडीची माती ते हळूहळू खाते. फेब्रुवारीत अडेनियमची माती बदलताना चकती बाहेर येते, तेव्हा वहीशी ताडून पुन्हा आत.

वरची पट्टी मी खोचत नाही, बांधते. एका टोकाला खिळ्याने भोक, त्यातून तार, तार कुंडीच्या काठावरच्या भोकात. झाडाच्या खोडाला तार कधीच बांधायची नाही. अडेनियमचं खोड फुगतं, तार रुतते आणि वरची फांदी सुकायला लागेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. शिवाय मे महिन्यातली तापलेली धातूची पट्टी कोवळ्या सालीला टेकली तर डाग पडतो. तार ॲल्युमिनियमचीच हवी. विजेच्या जुन्या सर्व्हिस वायरीत मिळते, नाहीतर बोन्सायवाल्यांकडे. तांब्याची तार दिसायला सुरेख, पण तांबं आणि ॲल्युमिनियम ओले झाले की ॲल्युमिनियम झिजतं, भोक मोठं होत जातं आणि पट्टी एक दिवस खाली पडलेली असते. सगळ्या पट्ट्या कुंडीच्या एकाच बाजूला, माझ्याकडे जिन्याच्या बाजूला. शोधावं लागत नाही.

देखभाल म्हणाल तर एकच. आमचं बोअरचं पाणी जड; झारीने वरून पाणी घातलं की पट्टीवर पांढरी पुटं चढतात आणि अक्षर झाकलं जातं. ते गेलेलं नसतं. लिंबाची पिळलेली फोड हलक्या हाताने फिरवली आणि पाणी टाकलं की खालून नाव निघतं. तारेचा ब्रश किंवा भांड्यांची घासणी लावू नये, ती पुटांबरोबर पेन्सिलही काढते.

ह्यांचा पक्ष अजून बदललेला नाही. पण परवा शेजारच्या वहिनी मदनबाणाचं रोप मागायला आल्या, तेव्हा मी बाहेर होते. ह्यांनी गच्चीवर जाऊन पट्टी वाचून बरोबर कुंडी काढून दिली. पट्टीही रोपाबरोबर देऊन टाकली, त्यामुळे वहीतला तो क्रमांक आता शेजारी नांदतो आहे.

कोणाला प्लेटा हव्या असतील तर गावातल्या कोणत्याही ऑफसेटवाल्याकडे विचारा. नुकत्याच उतरवलेल्या प्लेटेवर शाई आणि डिंकाचा हात असतो; रॉकेलच्या बोळ्याने शाई काढायची, मग साबणाच्या पाण्याने धुवायची, तेलकट राहिली तर पेन्सिल घसरते. जायचं ते श्रावणात नाहीतर पितृपक्षात. लग्नसराईत आणि निवडणुकीत छापखान्यात कोणी मान वर करून बघत नाही.